वडिलांच्या लेथपासून सुरुवात कर

कसबा बावड्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव छापू नका असं त्याने सांगितलंय. पत्र थोडं कमी करून देते.

“ताई, मी सव्वीस वर्षांचा आहे. तीन वर्षं एका स्टुडिओत हेल्पर होतो, आता दोन वर्षं स्वतःच्या कॅमेऱ्यावर लग्नाचे कँडिड फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागलं की काम सुरू होतं, आषाढीला थांबतं. पुढचे चार महिने हात रिकामे. या दिवसांत स्वतःसाठी काहीतरी काढावं असं दरवर्षी ठरवतो, पण सुचतच नाही. रंकाळ्याचा सूर्यास्त, जोतिबाचा गुलाल, पन्हाळ्याचं धुकं, सगळं सगळ्यांनी काढून झालंय. मित्र म्हणतात, कोल्हापुरात लग्नाशिवाय स्कोप नाही, पुण्याला जा. वडील तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर आहेत, ते म्हणतात, हे खूळ पुरे झालं, माझ्या शॉपमध्ये लागून घे. कॅमेरा जुना झालाय. कर्ज काढून नवीन घेतला तर पुढे जाईन का? की मुळात माझ्यातच काही नाही? सोबत माझे चाळीस फोटो पाठवतोय. खरं काय ते सांगा.”

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न घेऊन तू किती रात्री जागला असशील ते मला कळतं. तुझ्यात आहे. चाळीसमधले तीस फोटो नेटके आहेत, कुणीही चांगल्या हाताचा फोटोग्राफर काढेल तसे. पण तेवीस नंबरचा फोटो मी समोर ठेवूनच हे लिहितेय. अक्षता पडून गेल्यात, सगळे स्टेजकडे बघतायत आणि मुलीचा बाप मांडवाच्या मागच्या बाजूला वाढप्यांच्या पातेल्यांजवळ एकटा उभा आहे. हातात पाण्याचा ग्लास. तो तोंडापर्यंत नेलाय आणि प्यायचा राहिलाय. तो फोटो घ्यायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. अल्बममध्येही बहुतेक गेला नसेल. तू स्टेजकडे पाठ फिरवून तिथे गेलास, थांबलास, आणि नेमक्या क्षणी बटण दाबलंस. हे शिकवून येत नाही.

आता तुझ्या पत्रातली जी ओळ वाचून मी अडकले, ती सांगते. “वडील तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर आहेत.” तू ती तक्रारीच्या ओघात लिहून टाकलीस आणि पुढे गेलास. मी परत फोटोंकडे गेले. चाळीस फोटोंत रंकाळा चार वेळा आहे, जोतिबा तीन वेळा आहे, नवऱ्या नऊ आहेत. वडील एकदाही नाहीत. लोखंड कातायचं ते लेथ नाही. कारखान्यांच्या उद्यमनगरची एखादी गल्ली, शटर, चहाची टपरी, काही नाही. परक्या मुलीच्या बापाच्या हातातला ग्लास तुला दिसला. तुझ्या बापाचे हात तू तीस वर्षांच्या कामानंतर कसे झालेत ते कधी कॅमेऱ्यातून बघितलेस का?

तुझा यंदाचा पावसाळा तिथे घालव, एवढंच मला सांगायचंय. पण हे असं एका वाक्यात सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

‘सुचत नाही’ हे दुखणं मलाही होतं. पस्तीस वर्षांपूर्वी मी फोटो काढायला लागले तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि तो धुऊन हातात येईपर्यंत जीव टांगणीला. त्या वेळी मला वाटायचं, विषय म्हणजे काहीतरी मोठं, लांबचं. यात्रा, पूर, कुस्त्यांचं मैदान. मग एकदा एका कामासाठी सुभाषनगरात कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका घरी गेले. अर्ध्या तासात सगळं मिळालं असं वाटलं. दारात बसलेले काका, हातात कातडं कापायची रापी, समोर कातड्याचा तुकडा, बाजूने येणारा छान उजेड. फोटो छापून आला. मी खूश.

त्यांना प्रिंट द्यायला परत गेले तेव्हा चहा झाला. मग चहासाठीच जात राहिले. किती वेळा ते आता आठवत नाही, पण सहा-सात फेऱ्या झाल्यावर एके दुपारी मी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसती बसले होते आणि डोळे आतल्या अंधाराला सरावले. तेव्हा मला मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या काकू दिसल्या. त्या चपलेवरची वेणी विणत होत्या. कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि बोटं अशी चाललेली की नजर ठरेना. इतके दिवस त्या तिथेच बसत होत्या. मी दारातल्या उजेडाकडे बघत होते म्हणून त्या मला दिसल्या नव्हत्या. आमच्या भागात कोल्हापुरी चपलेचे हजारो फोटो निघाले असतील, त्यातल्या बहुतेकांत दारातला पुरुष आहे. वेणी बहुतेक घरांत बायकाच करतात, आणि त्या आत असतात. त्या दिवसापासून मी कुठेही गेले तरी पहिल्या फेरीतल्या फोटोंवर विश्वास ठेवत नाही.

म्हणून तू जेव्हा म्हणतोस की सगळं सगळ्यांनी काढून झालंय, तेव्हा मला वाटतं, सगळ्यांनी पहिल्या फेरीचे फोटो काढून झालेत. रंकाळ्याचंच घे. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तिथे नाव कमावलं आणि परत कोल्हापुरात आले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली ते गेले, तोवर त्यांनी हाच रंकाळा, हाच संध्यामठ, हेच कोटितीर्थ, हाच पंचगंगेचा घाट पुन्हा पुन्हा रंगवला. सकाळचा वेगळा, तिन्हीसांजेचा वेगळा, पावसातला वेगळा. त्यांना रंकाळा संपला नाही. तुझा रंकाळा चार फोटोंत संपला, कारण चारही फोटो संध्याकाळी साडेसहाचे आहेत आणि चारही एकाच कट्ट्यावरून घेतलेत. रागावू नकोस, मी त्या कट्ट्यावर बरीच वर्षं बसलेय, मला तिथला प्रत्येक दगड ओळखू येतो.

आता उद्यमनगर.

पहिला आठवडा कॅमेरा बाहेर काढू नकोस. वडिलांचा डबा घेऊन जा. शॉपच्या मालकांना आधी भेट आणि सरळ विचार: काका, वडिलांचे आणि इथल्या कामाचे फोटो काढायचेत, चालेल का? कुठल्या गोष्टींचे काढायचे नाहीत? कारण काही जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे सुटे भाग, कंपन्यांचे असतात, त्यांची ड्रॉइंग भिंतीवर लावलेली असतात, ती फोटोत जाऊन चालत नाहीत. हे तू आपण होऊन विचारलंस तर निम्मा विश्वास तिथेच बसतो.

मग नुसतं बघ. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा जॉब चकवर, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत लावला की टूलखालून काळी भुकटी पडते. तीच जागा, तेच मशीन, पण जॉब स्टीलचा असला की निळसर झाक असलेली लांब वळणदार साल निघते, गरम, धूर सोडत. वडील ती आकड्याने ओढून बाजूला करत असतील, हाताने नाही. माप घ्यायला व्हर्निअर लावताना ते श्वास रोखतात का? मशीनचा आवाज बदलला की बोलता बोलता गप्प होतात का? तीस वर्षं काम केलेला टर्नर कानाने मशीन ऐकतो. तो ऐकतानाचा चेहरा मिळाला तर तो तुझा पहिला फोटो.

दोन गोष्टी तांत्रिक, पण महत्त्वाच्या. शॉपमध्ये जुन्या ट्यूबलाइट असतील तर त्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेव, नाहीतर फोटोवर काळपट पट्टे येतील आणि तू बिचाऱ्या जुन्या कॅमेऱ्याला दोष देशील. चक फिरताना दाखवायचा असेल तर १/१५ पर्यंत खाली ये, कॅमेरा कशाला तरी टेकव. चक धूसर होईल आणि त्याच्यावर नजर लावून उभे असलेले वडील स्थिर राहतील. फिरतं मशीन आणि थांबलेला माणूस, हे लग्नात कधी मिळणार नाही.

दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. चालू लेथजवळ कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात लोंबकळता ठेवायचा नाही. पट्टा काढून टाक किंवा मनगटाला घट्ट गुंडाळ. सैल बाह्या नकोत, ओढणी-मफलर नको. आणि काम चालू असताना अचानक फ्लॅश कधीच मारायचा नाही. त्या एका क्षणाच्या दचकण्याने बोट जातं. वडिलांना विचार, त्यांच्या ओळखीत असं बोट गेलेलं कुणीतरी असणारच.

उजेडाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते फोटोग्राफरची अर्धी शाळा तिथे असते आणि कोल्हापुरात ती शाळा फुकट आहे. अंबाबाईचा किरणोत्सव तू लहानपणापासून ऐकत असशील. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत. पण याच तारखा का, हा विचार केलायस? सूर्य नोव्हेंबरात दक्षिणेकडे सरकत असतो, २१-२२ डिसेंबरला टोक गाठतो आणि परत फिरतो. १० नोव्हेंबरपासून त्या टोकापर्यंत एक्केचाळीस दिवस, आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत बेचाळीस. म्हणजे जाताना आणि येताना तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी वर्षानुवर्षं मावळतीकडे बघितलेलं होतं. आणि तरीही हवेत बाष्प जास्त असलं, ढग आले की किरणं मध्येच अंधूक होतात आणि सगळे लोक हळहळतात. गाभाऱ्यात फोटो काढता येत नाहीत, काढूही नकोस. पण नोव्हेंबरात तिथे जाऊन उजेड पायऱ्या चढत कसा आत येतो ते उभं राहून बघ. तसंच शिरोळ तालुक्यात खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात त्रिपुरारी पौर्णिमेच्या मध्यरात्री छताच्या गोल झरोक्यावर चंद्र येतो. तिथे फोटोवाल्यांची गर्दी असते, तू एकदा कॅमेरा पिशवीत ठेवून जा आणि चांदणं खालच्या गोल शिळेवर सरकताना बघ.

हे लेथच्या गोष्टीत का आणलं? कारण तुझ्या वडिलांच्या शॉपलाही शटर आहे आणि ते कुठल्या तरी दिशेला उघडतं. ते पश्चिमेला असेल तर वर्षातले काही दिवस मावळतीचं ऊन थेट लेथवर येत असणार. काही दिवस ते समोरच्या शेडमागे अडत असणार. ते दिवस कुठले, हे वडिलांना नक्की माहीत असेल, कारण त्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं आणि ते गोणपाट लावतात. विचार त्यांना. त्या प्रश्नावर ते तुझ्याशी पहिल्यांदा फोटोबद्दल बोलतील असं मला वाटतं.

एक गोष्ट तुला आणि त्यांना, दोघांनाही सांगावीशी वाटते. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यावरून तू शेकडो वेळा गेला असशील. तो सिनेमे करणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून आहे. १९१८ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात हाताने घडवला. तो कॅमेरा म्हणजे चाकं, दाते, स्क्रू, मापात कातलेला धातू. तुझ्या घरात वडिलांचं काम एका बाजूला आणि तुझं खूळ दुसऱ्या बाजूला, असं जे दोन्हीकडून धरून बसलाय, ते या गावात तरी मुळात वेगळं नव्हतं.

आता कामाचं, कारण नुसत्या प्रेरणेवर हप्ते जात नाहीत.

“कोल्हापुरात लग्नाशिवाय स्कोप नाही” असं तुझे मित्र म्हणतात ते त्यांनी मांडवातूनच गाव बघितलंय म्हणून. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, इथल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप देशभरातल्या गाड्यांच्या कंपन्यांना माल देतात, काही जण परदेशात पाठवतात. त्यांना कॅटलॉग लागतो, प्रदर्शनात लावायला मोठे फोटो लागतात, गिऱ्हाइकाला दाखवायला शॉप फ्लोअरचे फोटो लागतात. मी कित्येक चांगल्या कारखान्यांचे कॅटलॉग बघितलेत ज्यांत सुपरवायझरने मोबाइलवर, टेबलावर वर्तमानपत्र अंथरून काढलेले फोटो आहेत. जॉबवरचं तेल पुसलेलं नसतं, कडा दिसत नाहीत, माप कळत नाही. ते लोक कंजूष नाहीत. धातूचा फोटो काढता येणारा आणि शॉपमध्ये कसं वागायचं हे माहीत असलेला माणूस त्यांच्या दारात कधी आलेलाच नाही. तू टर्नरचा मुलगा आहेस. बोअर, फेस, टेपर, फिनिश हे शब्द तुझ्या कानावरून गेलेत. या कामात पुण्याहून येणाऱ्या फोटोग्राफरच्या तू दहा पावलं पुढे आहेस आणि तुला ते माहीतच नाही.

चकचकीत धातू अवघड असतो, त्यात सगळी खोली दिसते. थेट लाइट मारू नकोस. पांढऱ्या पातळ कापडातून किंवा ट्रेसिंग पेपरमधून लाइट आण, आणि कडा उठून दिसण्यासाठी दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा उभा कर. वडिलांकडून दोन-तीन टाकाऊ जॉब घरी आण आणि पावसाळाभर त्यांच्यावर हात बसव. यासाठी कर्ज लागत नाही. ट्रायपॉड मात्र चांगला घे.

हुपरीचे पैंजण, सुभाषनगरच्या चपला, गुळाची नवी पाकिटं, इचलकरंजीचं कापड, या सगळ्यांना आता थेट गिऱ्हाइकाला विकायचंय आणि सगळ्यांना फोटो हवेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती करणाऱ्या घरात अजून धड फोटो नसतात. यातलं एखादं काम धर, सगळी धरू नकोस.

आणि पावसाळा रिकामा असतो हे तर मला पटतच नाही. आषाढात बेंदराचे मातीचे बैल होतात. बापट कॅम्पात आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती उभे असतात, पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळीचे ३९ फूट ओलांडले की मूर्ती हलवायची चिंता सुरू होते. गुऱ्हाळं तुझ्या लग्नसराईतच चालतात, ती यंदा सोड. गुळव्या रस उकळताना पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी करून बघतो तो फोटो मला फार आवडतो, पण तो पुढच्या वर्षी.

पैशांचं बोलायला लाजू नकोस. काम ठरतानाच साध्या कागदावर लिहून घे: किती फोटो, किती दिवसांत, कशासाठी वापरणार, किती रुपये, निम्मे आधी. दर ठरवताना शूटिंगच्या एका दिवसामागे संगणकावर जाणारे दोन दिवस धर, ते बहुतेक जण विसरतात. आणि कायदा माहीत असू दे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. स्वतःहून काढलेले फोटो तुझे. म्हणजे उद्यमनगरचे फोटो तुझे, कारखान्याच्या कॅटलॉगचे त्यांचे, आणि ते तुला स्वतःच्या कामाच्या नमुन्यात दाखवायचे असतील तर तसं एक वाक्य कागदावर हवं. मी हे उशिरा शिकले. माझा एक पुराचा फोटो एका कॅलेंडरवर छापला गेला, खाली नाव नाही, हातात पैसे नाहीत. मी भांडायला गेले तर म्हणाले, तुम्हीच तर दिला होता. दिला होता खरा, तोंडी, ‘तुमचं नाव होईल’ या बोलीवर. त्या वर्षी ते कॅलेंडर कितीतरी घरांत टांगलेलं मी बघितलं.

स्पर्धांचंही असंच. भरमसाट प्रवेश फी घेणाऱ्या आणि ‘पाठवलेले सर्व फोटो आयोजकांच्या मालकीचे’ असं बारीक अक्षरात लिहिणाऱ्या स्पर्धांपासून लांब राहा. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्ससारख्या काही मोठ्या स्पर्धांना प्रवेश फी नाही, तिथे जरूर पाठव. पणजी आपल्याला साधारण पुण्याइतकीच लांब आहे. डिसेंबरात तिथे सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, त्यात फोटोंची प्रदर्शनं असतात. दोन दिवस काढून जा आणि लोक एका विषयावरचे वीस-तीस फोटो भिंतीवर कसे मांडतात ते बघ. चाळीस सुटे सुंदर फोटो घेऊन गेलेल्या माणसाला कुणी काम देत नाही असं नाही, पण एकाच शॉपचे पंचवीस फोटो घेऊन गेलेल्या माणसाची आठवण राहते. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत असंच राहून काम केलं. ती माणसं त्याच शहरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे ते फोटो मिळवून बघ, आणि बघताना लक्ष दे की गटारात उतरलेल्या माणसाकडेही ते कुठून बघतात. वरून नाही.

वडिलांचे फोटो काढताना हे तुझ्या उपयोगी पडेल. तेलकट कपडे, काळे हात, घाम, हे दाखवून बघणाऱ्याला कीव आणणं फार सोपं असतं. तुझे वडील दयेचा विषय नाहीत. ते एका केसाच्या जाडीपेक्षा कमी मापात लोखंड कापतात. फोटोत तो कसब दिसला पाहिजे. प्रत्येक फोटो त्यांना आधी दाखव, एखादा नको म्हणाले तर काढून टाक आणि वाद घालू नकोस.

पुण्याला जावं का? जा, पण आत्ता नाही. आत्ता गेलास तर तिथेही लग्नंच काढशील, भाडं जास्त देशील आणि हेल्परपासून सुरुवात करशील. नवीन कॅमेरा? नको. तुझ्या फोटोंत कॅमेऱ्याची कमतरता मला एकाही ठिकाणी दिसली नाही. एक ५० मिलिमीटरची साधी लेन्स नसेल तर ती घे, शॉपच्या कमी उजेडात तीच कामाला येईल.

वडील “शॉपमध्ये लागून घे” म्हणतात, त्याबद्दल शेवटचं. त्यात राग कमी आणि भीती जास्त आहे. चार महिने घरात बसलेला मुलगा बघून कुठल्याही बापाला भीती वाटते. त्यांना ‘मी आर्टिस्ट आहे’ हे सांगून उपयोग नाही. त्यांना सांग, बाबा, मला तुमचं काम शिकायचंय, कॅमेऱ्याने. श्रावण संपेपर्यंत रोज दोन तास येतो. हे ऐकून ते काय म्हणतात ते मला कळव.

आणि चांगले दहा-बारा फोटो झाले की मोबाइलवर फिरवू नकोस. आठ बाय बाराचे प्रिंट काढ, मॅट कागदावर. शॉपमध्ये वडिलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा स्वतःचा एक प्रिंट दे, मागे तारीख आणि त्याचं नाव लिहून. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, हार-फुलं असतात, सगळे धुतलेले कपडे घालून येतात. त्या दिवशी ते प्रिंट वाटून टाक. त्याच सकाळी शाहू स्मारकच्या कलादालनात चौकशी करून ये, पुढच्या वर्षीच्या तारखा कधी मिळतात याची. मला बोलवलंस तर मी येईन, आणि पहिल्यांदा तुझ्या वडिलांना भेटेन.